बॅटरी उतरली तो दिवस

आमच्या घरी नवा कपडा पहिल्या धुण्यापर्यंतच नवा असे. बाबांचं बॅटरी चार्जिंगचं दुकान आणि आमचं बिऱ्हाड एकाच पत्र्याच्या छपराखाली होतं. मध्ये कुडाची भिंत, तिला एक दार, आणि दाराला आईच्या जुन्या लुगड्याचा पडदा. ॲसिडचा थेंब कपड्यावर उडाला तर त्या वेळी काही दिसत नाही. कपडा छान राहतो, माणूस खुशीत असतो. मग तो धुवायला दगडावर आपटला की ज्वारीच्या दाण्याएवढी भोकं पडून पाणी आरपार जातं. माझ्या शाळेच्या निळ्या स्कर्टला अशी अकरा भोकं होती. आईने ती आतून निळे तुकडे लावून शिवली होती, पण निळ्यात निळा कधी मिळत नाही. वर्गात मला चाळणी म्हणत. बाबांचे तर सगळेच सदरे तसे. त्यांच्या पाठीवरून ऊन आत जायचं.

दुकान कुंभिवलीला, मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला. पुढे घाट, त्यामुळे चढण्याआधी गाडीवाले थांबायचे, चहा प्यायचे, आणि परत गाडी सुरू करताना ज्यांची बॅटरी बसलेली असे ते आमच्याकडे यायचे. भिंतीलगत बॅटऱ्यांची रांग, प्रत्येकीवर खडूने ड्रायव्हरचं नाव. चार्जर दिवसभर घुमायचा आणि बॅटऱ्यांच्या पोटात बुडबुड चालायची. त्या आवाजावर आईला पलीकडून बोलता येत नसे, म्हणून जेवण तयार झालं की ती पळी तव्यावर वाजवायची. एकदा वाजवली तर बाबा, दोनदा वाजवली तर मी. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, नाहीतर सुकटीची चटणी; आणि सगळ्याला मागून ॲसिडचा एक आंबूस वास. अजूनही कुठे गॅरेजवरून जाताना तो वास आला की मला भूक लागते. डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्या हसल्या.

बाबांकडे एक पिचकारी होती. काचेची नळी, वर रबरी फुगा, आत तरंगणारा एक बारीक काटा. बॅटरीचं बूच काढून तिच्यातलं पाणी पिचकारीत ओढायचं, काटा किती वर तरंगतो ते बघायचं. वर आला तर बॅटरी भरली, तळाला गेला तर रिकामी. बाबा चौथी शिकलेले, पण त्या काट्याकडे ते असे बघत जसे वैद्य जिभेकडे बघतो. "अजून कच्ची हाय," म्हणायचे, आणि ड्रायव्हर कितीही घाईत असला तरी सोडायचे नाहीत.

मी दहावीत असताना शाळेने तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात उतरायचं ठरवलं. शास्त्राचे तांबे सर नव्याने आले होते. त्यांना कळलं की एका मुलीच्या घरी बॅटऱ्यांचं दुकान आहे, आणि त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं की आपण यंत्रमानव करायचा. त्याने चालत यायचं आणि प्रमुख पाहुण्यांच्या गळ्यात हार घालायचा. पहिला नंबर आला तर जिल्ह्याच्या प्रदर्शनाला अलिबागला जायचं होतं. मी तोवर समुद्र पाहिला नव्हता. आमच्याकडे बोंबील दर आठवड्याला यायचे, पण ते जिथून यायचे ती जागा मी पाहिली नव्हती. मला यंत्रमानवापेक्षा ते जास्त खुणावत होतं.

यंत्रमानव आमच्या मागच्या पडवीत तयार झाला. तेलाचा पंधरा किलोचा डबा हे धड, दुधाच्या भुकटीचा डबा हे डोकं, खाली मोडक्या बाबागाडीची चाकं. भंगारात निघालेल्या टॅक्सीच्या वायपरच्या दोन मोटरी बाबांनी मिळवल्या. एक चाकाला, एक हातांना. काच पुसायला वायपर जसा खाली-वर होतो तसेच दोन्ही पत्र्याचे हात खाली यायचे आणि वर जायचे. पंजांना आकडे होते, त्यात हार अडकवायचा. हात खाली गेले की आकडे उलटे होऊन हार सुटायचा. मोटरला वीज पुष्कळ लागते, ती आपल्या हातातल्या छोट्या बटनातून गेली तर बटन जळतं. म्हणून मध्ये ट्रकच्या हॉर्नचे रिले बसवले. रिले म्हणजे एक छोटं लोहचुंबक: बटन दाबलं की ते टक करून एक पट्टी ओढून धरतं, आणि मोटरची वीज त्या पट्टीतून जाते. बटन सोडलं की पट्टी सुटते. हे सगळं मी जोडलं. तारा सोलताना दात वापरले म्हणून आईचा मारही खाल्ला.

आई त्याला पाव्हणा म्हणायची, कारण तो आल्यापासून तिला पडवीत तांदूळ निवडायला जागा उरली नव्हती. "तुझा पाव्हणा जेवत नाय तेवढं बरं हाय," म्हणायची. पण त्याच्या अंगावर जाकीट तिनेच शिवलं, आणि ते बिनभोकांचं होतं.

आता बॅटरीचं. बाबांनी एक जुनी टॅक्सीची बॅटरी माझ्यासाठी काढून ठेवली होती. प्रदर्शनाच्या आधी तीन दिवस ती चार्जिंगला लावली. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पिचकारी घातली, काटा बघितला आणि म्हणाले, "अजून एक दिवस राहू दे. काटा उचलत नाय."

पण तांबे सरांनी मला मुंबईहून आणलेला व्होल्ट मोजायचा मीटर दिला होता. काळा, चौकोनी, काचेखाली सुई. एक लाल तार, एक काळी. मी तो बॅटरीला लावला. सुई सरळ बारा पूर्णांक सहावर.

"बाबा, भरली आहे. मीटर बघा की."

बाबांनी मीटरकडे बघितलं. त्यांना त्यावरचे आकडे कळत नव्हते असं नाही, पण त्या वस्तूचा त्यांना मान वाटत होता. ती सरांची होती.

"पिचकारी तर नाय म्हणते गं."

"पिचकारी जुनी झाली," मी म्हटलं. "काटा अडकत असेल."

त्यांनी पिचकारी पुसून जागेवर ठेवली. मी बॅटरी काढली आणि पाव्हण्याला जोडली. त्या दिवशी दुकानावर जो येईल त्याला मी हार घालून दाखवला. कागदाच्या फुलांचा हलका हार होता. पुण्याच्या बाजूच्या एका ड्रायव्हरने तो तीन वेळा घालून घेतला आणि चौथ्या वेळी क्लीनरलाही पुढे केला. शेजारच्या टपरीवाल्याच्या बकरीलाही घातला. तिने तो खाल्ला, मग दुसरा करावा लागला. दिवसभरात तीस-चाळीस हार झाले असतील. पाव्हणा संध्याकाळी जरा दमल्यासारखा वाटत होता, पण मीटर लावला तर सुई जवळपास जागेवर. मी निश्चिंत.

जेवताना बाबा म्हणाले, "मी येतो उद्या कर्जतला. बॅटरी जड हाय, कोन उचलणार?"

मी भाकरी मोडत म्हटलं, "नको. सर टेंपो करतायत. आणि दुकान कोण बघेल?"

दुकान बघायला आई होती, हे त्यांनाही ठाऊक होतं. आईने माझ्याकडे बघितलं आणि मग बाबांच्या सदऱ्याकडे. मला आज हे लिहितानाही पान उलटून पुढे जावंसं वाटतं, पण झालं ते असं झालं.

कर्जतच्या शाळेचं सभागृह भरलेलं होतं. आमच्या शेजारी नेरळच्या मुलांचा ज्वालामुखी होता. त्यात सोडा आणि लिंबाचा रस घातला की लाल फेस बाहेर यायचा. आमच्या बाजूने माहिती सांगायला माझी मैत्रीण पुष्पा होती. तिने पानभर भाषण पाठ केलं होतं आणि एकदा सुरू झाली की तिला मध्ये थांबता येत नसे. प्रमुख पाहुणे तालुक्यातले एक पुढारी होते, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. उंच, भरघोस, पांढरा स्वच्छ पोशाख. फोटोवाला त्यांच्याबरोबरच आला होता. आयोजकांनी ऐन वेळी आमचा कागदाचा हार बाजूला ठेवला आणि झेंडूचा मनगटाएवढा जाड हार पाव्हण्याच्या हातात अडकवला. पाव्हणा थोडा पुढे वाकला.

मी चाकाचं बटन दाबलं. पाव्हणा निघाला. जरा सावकाश निघाला, पण लोकांना ते रुबाबदार वाटलं. भाऊसाहेबांसमोर तो थांबला. भाऊसाहेबांनी हसून मान खाली केली. पुष्पा म्हणाली, "आणि आता आमचा यंत्रसेवक मान्यवरांचं स्वागत करील."

मी हातांचं बटन दाबलं. हात खाली आले, हार भाऊसाहेबांच्या मानेमागे गेला, आणि हात अर्ध्यावर असताना रिले बोलायला लागला. टकटकटकटकटक. एखादी पाल अखंड चुकचुकावी तसा. प्रत्येक टकला हात नखभर हलायचे आणि थांबायचे, आणि हारात अडकलेलं भाऊसाहेबांचं डोकं तेवढ्यापुरतं हलायचं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, भाऊसाहेबांना सगळं पटतंय.

मी बटन सोडलं. परत दाबलं. टकटकटक. भाऊसाहेबांनी पुन्हा होकार दिला.

"थांबला का गं हा?" त्यांनी मान न हलवता विचारलं.

"नाही, घालतोय साहेब."

"घालतोय कुठं? धरून ठेवलंय त्याने."

खरंच धरून ठेवलं होतं. वायपरच्या मोटरला आतून आट्यांचं चाक असतं, ते बंद पडलं की हाताने ओढून हलत नाही. दोन शिक्षकांनी ओढून बघितलं. पुष्पा तेवढ्यात "मानवाचे कष्ट कमी करणे हाच यंत्राचा धर्म" इथवर आली होती आणि पुढे चालू होती. कुणीतरी कात्री आणली.

"हार कापू नका," भाऊसाहेब म्हणाले. "गळ्यातला हार कापतात होय? फोटोवाले, तुम्ही जरा थांबा."

माझा नातू आता पुण्याला असल्याच यंत्रांच्या स्पर्धेत असतो. गेल्या वर्षी त्यांचं यंत्र दुसऱ्याला ढकलायला गेलं आणि मैदानातच झोपलं. मला फोनवर समजावत होता, "आजी, मोटरने एकदम जोर मागितला की बॅटरीचा व्होल्टेज खाली येतो, मग मोटरचा कंट्रोलर स्वतःच बंद पडतो, मोटर सुटली की व्होल्टेज परत वर येतो, कंट्रोलर परत सुरू होतो, असं चालूच राहतं." मी म्हटलं, हो का. त्याच्या आवाजात नवीन शोध लागल्याचा आनंद होता, तो कशाला घालवा. आमच्या वेळी तेच होत होतं, फक्त आवाज करून होत होतं. मोटर जोर मागायची, बॅटरी खाली बसायची, रिलेच्या लोहचुंबकाला पट्टी धरवत नसे, पट्टी सुटायची. मोटर थांबली की बॅटरीला श्वास यायचा, पट्टी परत चिकटायची. सेकंदात दहा वेळा.

पण हे तेव्हा तिथे कुणालाच सुचलं नाही. तांबे सर घामाघूम झाले होते. त्यांनी मीटर बॅटरीला लावला. "बारा पूर्णांक चार," म्हणाले. "बॅटरी उत्तम आहे. रिले बिघडलाय."

"सर," मागून आवाज आला, "पोरीला बटन दाबायला सांगा नि मग बघा."

बाबा होते. खांद्याला कापडी पिशवी, अंगात तोच सदरा. बसने मागोमाग आले होते आणि मघापासून सभागृहाच्या दाराशी उभे होते. त्यांना पुढचं काही दिसत नव्हतं, गर्दी होती. रिलेचा आवाज ऐकून पुढे आले होते.

मी बटन दाबलं. सगळ्यांच्या देखत मीटरची सुई सातावर पडली आणि तिथे थरथरायला लागली. बटन सोडलं, सुई परत बारावर. सर तिच्याकडे बघतच राहिले.

बाबांनी पिशवीतून पिचकारी काढली, बूच उघडलं, पाणी ओढलं. काटा तळाला जाऊन बसला. त्यांनी तो मला दाखवला नाही. स्वतः बघितला आणि पाणी परत सोडून दिलं.

"कुठल्या दुकानातली हो ही बॅटरी?" परीक्षकांपैकी एकाने विचारलं.

मला वाटलं, आता सांगतील. मी एक दिवस थांब म्हणालो होतो, ही ऐकली नाही, एवढंच सांगायचं होतं. ते खरंही होतं.

"माझ्याच," बाबा म्हणाले. "कुंभिवलीला दुकान हाय. कच्ची होती, तशीच पोरीला दिली. चूक झाली."

समोर शंभर माणसं होती, पुष्पाही आता गप्प झाली होती. मी नुसती बटनाची पेटी धरून उभी राहिले.

"ते राहू दे," हारातून भाऊसाहेब म्हणाले. "उपाय सांगा. माझी पाठ भरून आली."

"भरलेली बॅटरी पायजे साहेब. पाच मिनटं."

"माझ्या जीपची काढा."

त्यांचा ड्रायव्हर पुढे आला. "साहेब, ती काढू नका. तिची तब्येत बरी नाय. म्हणून तर मी गाडी उतारावर लावतो."

"अरे, मी इथं अडकलोय. जीप कुठं चाललीय?"

बाबा गेले आणि जीपची बॅटरी खांद्यावर घेऊन आले. तारा बदलल्या. मला म्हणाले, "दाब. नि सोडू नको." मी दाबलं. रिलेने एकदाच टक केलं आणि पट्टी धरून ठेवली. हात खाली आले, आकडे उलटले, हार सुटला, हात वर गेले. भाऊसाहेब सरळ झाले, मान दोन्हीकडे फिरवून बघितली, आणि मग लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोटोवाल्याला बोलावण्यात आलं.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण भाऊसाहेब खुलले. "फार छान. या सगळ्यांना घालून दाखवा," म्हणाले. मग परीक्षकांना कागदाचा हार झाला, मुख्याध्यापकांना झाला, नेरळच्या ज्वालामुखीवाल्या सरांना झाला. प्रत्येकाला फोटो हवा होता. बाबा दोनदा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पुरे आता, गाडी चालू व्हायची नाय." मी ऐकलं नाही असं मात्र या वेळी नव्हतं. मी बटनाची पेटी खालीच ठेवली होती, पण ती तांबे सरांनी उचलली, आणि त्यांना आता थांबवणार कोण?

जीप अर्थातच चालू झाली नाही. उतार होता तो ड्रायव्हरने सकाळी वापरायचं ठरवलं होतं, पण मधल्या काळात पुढे कुणीतरी बैलगाडी आणून सोडली होती, म्हणून जीप आधी मागे चढावर आणि मग वळवून पुढे ढकलायला लागली. दोन परीक्षक, तांबे सर, मुख्याध्यापक, ज्वालामुखीवाली सगळी मुलं, आणि सगळ्यांत मागे, बंपरला खांदा लावून बाबा. भाऊसाहेब आत बसले होते, गळ्यात हार तसाच होता. शाळेला पूर्ण वळसा घालून तिसऱ्या प्रयत्नाला गाडी सुरू झाली. भाऊसाहेबांनी खिडकीतून बाबांना विचारलं, "तुमच्याकडं टाकली तर किती दिवस ठेवाल?"

"काटा उचलेपर्यंत," बाबा म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात ती बॅटरी आमच्या रांगेत येऊन बसली. बाबांनी तिच्यावर खडूने 'साहेब' असं लिहिलं आणि पाच दिवस सोडली नाही.

पहिला नंबर ज्वालामुखीला मिळाला. त्याला कुठली बॅटरी लागत नव्हती. आम्हाला उत्तेजनार्थ. अलिबाग मी पुढे लग्नानंतर पाहिलं. तोवर इतकं ऐकून झालं होतं की समुद्र मला जरा लहानच वाटला.

टेंपोवाला वाट बघून निघून गेला होता, तेव्हा परतीला एसटी. तांबे सर कर्जतलाच राहिले. पाव्हण्याला उभं करायला कंडक्टर तयार नव्हता, म्हणून त्याला सीटवर बसवला, खिडकीकडे. कंडक्टरने त्याच्या जाकिटाकडे बघून विचारलं, "याचं फुल की हाफ?" आणि स्वतःच हसून पुढे गेला. बॅटरी बाबांच्या पायांमध्ये होती.

खोपोली गेल्यावर मी म्हटलं, "मी सांगायला हवं होतं. तुम्ही थांब म्हणाला होता ते."

"काय करायचंय सांगून. दुकान माझं हाय, बॅटरी माझी हाय."

"पण मीटर खोटं बोलला."

"नाय गं." त्यांनी थोडा विचार केला. "खोटं नाय बोलला. ती बसून होती तवा तू विचारलंस. बसल्या जागी ती बरी हायच म्हणणार. वजन दिल्यावर विचारायचं असतं."

मी त्यांच्याकडे बघितलं. सदऱ्याच्या खांद्यावर, जीपची बॅटरी ठेवली होती तिथे, एक ओला डाग होता. "तुमचे पाय दुखतायत का? गाडी ढकलून?"

"छे. बरे हायत."

कुंभिवलीचा थांबा आला. बाबा उठले आणि उठल्या उठल्या परत बसले. मग पुढच्या सीटचा दांडा धरून हळूहळू उभे राहिले आणि बॅटरीकडे वाकायला लागले. मी ती आधीच उचलली होती. चौदा-पंधरा किलो असेल, स्कर्टला घासत होती. त्यांनी पाव्हण्याला काखेत मारला आणि आम्ही उतरलो.

आई दुकानाच्या फळीवर कंदील पुसत बसली होती. तिने आम्हा तिघांकडे बघितलं.

"घातला का हार पाव्हण्यानं?"

"घातला की," बाबा म्हणाले. "सोडायला जरा येळ लागला."